पस्तीस अब्ज डॉलर्सची हरकत

शुक्रवार, २९ फेब्रुवारी २००८. न्यूयॉर्कचा शेअरबाजार बंद झाल्यावर पेंटॅगॉनमध्ये अमेरिकी हवाई दलाने एक घोषणा केली आणि विमानउद्योगातले भलेभले चाट पडले. उडत्या विमानांना हवेतल्या हवेत इंधन भरून देणारी १७९ टँकर विमानं हवाई दलाला घ्यायची होती. व्यवहार सुमारे पस्तीस अब्ज डॉलर्सचा. गेली पन्नास वर्षं अमेरिकेला अशी विमानं पुरवणाऱ्या बोइंगलाच हे काम मिळणार, असं जो तो धरून चालला होता. पण कंत्राट गेलं नॉर्थरॉप ग्रमन या कंपनीकडे. आणि तिचा भागीदार कोण, तर युरोपातली ईएडीएस, म्हणजे एअरबसची मायकंपनी!

सिएटलच्या परिसरात आणि कॅन्सस राज्यातल्या विचिटा शहरात, जिथे बोइंगचे कारखाने होते तिथे, सुतकी वातावरण पसरलं. तिकडे दक्षिणेत अलाबामा राज्यातल्या मोबाईल नावाच्या बंदराच्या गावात आनंदीआनंद, कारण नवं टँकर विमान तिथे जोडलं जाणार होतं. आपापल्या मतदारसंघातल्या नोकऱ्यांसाठी दोन्हीकडचे खासदार बाह्या सरसावून उभे राहिले. आपल्याकडे एखादा कारखाना एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेला की जे होतं, तेच सगळं.

अकरा दिवसांनी, ११ मार्चला, बोइंगने एक तक्रार दाखल केली. ती दाखल होताच जगातल्या सर्वांत बलाढ्य हवाई दलाला आपलं काम जागच्या जागी थांबवावं लागलं. ना संप, ना मोर्चा, ना न्यायालयाची स्थगिती. नुसती लेखी हरकत!

ही हरकत काय होती, ती टिकली कशी आणि त्यातून अखेर कोणाचं काय भलं झालं, याची कहाणी सरळ नाही. ती समजण्यासाठी आधी थोडं मागे जायला हवं.

म्हातारी विमानं आणि ड्रुयनबाई

टँकर विमान म्हणजे आकाशातला पेट्रोलपंप. लढाऊ विमानाची टाकी लहान असते. दूरवर जाऊन परत यायचं तर वाटेत इंधन हवं. मग टँकर पुढे उडतो, त्याच्या शेपटीखालून एक लांब नळी बाहेर येते आणि मागून येणाऱ्या विमानाच्या टाकीत जाऊन बसते. अमेरिकेच्या केसी-१३५ या टँकरमध्ये ही नळी चालवणारा सैनिक विमानाच्या मागच्या टोकाला पोटावर पालथा पडून, काचेतून खाली बघत हे काम करतो. दोन्ही विमानांचा वेग ताशी शेकडो किलोमीटर आणि अंतर जेमतेम काही मीटर. चूक झाली तर दोन्हीकडची माणसं जिवाला मुकतात.

हे केसी-१३५ विमान पहिल्यांदा उडालं १९५६ मध्ये, हवाई दलात आलं १९५७ मध्ये, आणि त्याचं उत्पादन बंद झालं १९६५ मध्ये. त्यानंतर इंजिनं बदलली, पत्रे बदलले, यंत्रणा बदलल्या, पण सांगाडा तोच. आजोबांनी उडवलेल्या जातीचं विमान नातवाने उडवावं, असा हा मामला.

२००१ मध्ये न्यूयॉर्कवर दहशतवादी हल्ला झाला आणि टँकर विमानांचं काम एकाएकी वाढलं. नवी विमानं हवीत, पण एवढे पैसे एकदम कुठून आणायचे? तेव्हा एक युक्ती निघाली. बोइंगकडून शंभर टँकर भाड्याने घ्यायचे. स्पर्धा नाही, निविदा नाही. सिनेटर जॉन मॅकेन यांना यात काळंबेरं दिसलं. व्हिएतनाम युद्धात लढाऊ वैमानिक म्हणून लढलेला आणि साडेपाच वर्षं युद्धकैदी राहिलेला हा माणूस. हवाई दलाचं अहित त्याला हवंय, असं म्हणायची कोणाची टाप नव्हती. विकत घेण्यापेक्षा भाडं महाग पडतं, असं सांगत मॅकेन यांनी कागदपत्रं मागायला सुरुवात केली.

आणि मग बाहेर आलं डार्लीन ड्रुयन प्रकरण. ड्रुयनबाई हवाई दलाच्या खरेदी विभागातल्या सर्वांत वजनदार अधिकाऱ्यांपैकी एक. अब्जावधींच्या करारांवर त्यांची सही चाले. याच बाई ऑक्टोबर २००२ मध्ये ऑर्लँडोच्या विमानतळावर बोइंगचे वित्तप्रमुख मायकेल सीअर्स यांना भेटल्या होत्या. विषय टँकरचा नव्हे, बाईंच्या पुढच्या नोकरीचा! त्या वेळी टँकरच्या वाटाघाटी त्यांच्याच टेबलावर होत्या. बाईंची मुलगी आणि होणारा जावई आधीच बोइंगमध्ये लागले होते. जानेवारी २००३ मध्ये बाईही तिथे रुजू झाल्या. वर्ष संपण्याआधी बोइंगने त्यांना आणि सीअर्सना काढून टाकलं, पाठोपाठ कंपनीच्या प्रमुखांनीही राजीनामा दिला.

न्यायालयात ड्रुयनबाईंनी कबुली दिली की, टँकरची किंमत आपण बोइंगला हवी तशी जास्त लावू दिली. जाता जाता दिलेली ती भेटच होती. त्यांना नऊ महिन्यांची कैद झाली, सीअर्सना चार महिन्यांची. भाड्याचा सौदा बारगळला. पुढे २००६ मध्ये बोइंगने या आणि अशाच एका प्रकरणात ६१ कोटी ५० लाख डॉलर्स सरकारला भरून तडजोड केली.

दुधाने तोंड पोळल्यावर ताकही फुंकून पितात. म्हणून २००७ मध्ये नवी निविदा निघाली तेव्हा हवाई दलाने सगळं काटेकोर करायचं ठरवलं. आठशेहून अधिक तांत्रिक अपेक्षा लिहून काढल्या. कशाला किती महत्त्व, हेही छापून दिलं. दोन स्पर्धक. बोइंगचं विमान ७६७ या प्रवासी विमानावर बेतलेलं, आकाराने लहान. नॉर्थरॉपचं एअरबस ए-३३० वर बेतलेलं, मोठं. पहिल्यात सुमारे ९२ टन इंधन मावणार, दुसऱ्यात सुमारे १११ टन. हवाई दलाला मोठं आवडलं. इथेच घोळ झाला.

हरलेल्याचा हक्क

अमेरिकेत १९८४ पासून एक कायदा आहे. सरकारी कंत्राट न मिळालेल्या स्पर्धकाला आपल्यावर अन्याय झाला असं वाटलं, तर तो जीएओ या संस्थेकडे हरकत घेऊ शकतो. जीएओ म्हणजे साधारण आपल्या कॅगसारखी हिशेब तपासनीस संस्था. ती संसदेला उत्तरदायी, संरक्षण खात्याला नव्हे. हरकत ठरलेल्या मुदतीत आली की कंत्राटाचं काम आपोआप थांबतं आणि शंभर दिवसांच्या आत जीएओला निकाल द्यावाच लागतो. बोइंगने हरकत घेतली तेव्हा त्यासाठी एक पैसाही फी नव्हती. २०१८ मध्ये साडेतीनशे डॉलर्स फी लावण्यात आली, तीसुद्धा अशा कंपन्यांच्या चहापाण्याइतकीच.

या पद्धतीतली एक गोष्ट मोठी मजेशीर आहे. तक्रारदाराला सरकारी फाइल बघायला मिळते, पण त्या फाइलीत प्रतिस्पर्ध्याची गुपितंही असतात. मग करायचं काय? कंपनीने नेमलेल्या बाहेरच्या वकिलांनी फाइल वाचायची, पण आपल्या अशिलाला आतला मजकूर सांगायचा नाही, अशी त्यांच्याकडून लेखी हमी घेतली जाते. म्हणजे वकिलाला सगळं ठाऊक आणि ज्याच्यासाठी तो भांडतोय त्याला अर्धंच!

बोइंगच्या वकिलांनी फाइल वाचली आणि एकामागून एक मुद्दे निघू लागले. जीएओने दोन्ही बाजूंचं आणि हवाई दलाचं ऐकून घेतलं. नव्याण्णवाव्या दिवशी, १८ जून २००८ ला, निकाल आला. बोइंगची हरकत मान्य. कंपनीचे बरेचसे मुद्दे फेटाळले गेले होते, पण जे उरले तेवढ्यांनी निवड कोसळायला पुरेशी होती.

काय चुकलं होतं? समजा, परीक्षेच्या पत्रिकेवर छापलंय की, या प्रश्नाला जास्तीत जास्त दहा गुण, उत्तर कितीही लांब लिहिलं तरी त्यावर जास्त मिळणार नाहीत. आणि परीक्षकाने एका विद्यार्थ्याला पुरवण्यांची जाडी बघून बारा गुण दिले. इथे अगदी तसंच झालं. ठरावीक उद्दिष्टाच्या पलीकडे जास्त क्षमता दिली तर त्याचा वेगळा फायदा मिळणार नाही, असं निविदेत लिहिलं होतं. तरी नॉर्थरॉपच्या विमानात इंधन जास्त मावतं, याचा फायदा त्या कंपनीला देण्यात आला. मोठं विमान मिळालं तर चांगलंच, असं मूल्यमापन करणाऱ्यांना मनापासून वाटलं असेलही. पण मग निविदेतच तसं लिहायचं होतं. बोइंगनेही मोठं विमान पुढे केलं असतं!

दुसरी गोष्ट. एका महत्त्वाच्या अपेक्षेत तुम्ही पूर्ण उतरलात, असं हवाई दलाने बोइंगला चर्चेदरम्यान सांगितलं. नंतर मत बदललं, अर्धवटच उतरलात असं ठरवलं, पण ते बोइंगला कळवलंच नाही. नॉर्थरॉपशी मात्र त्याच विषयावर चर्चा चालू राहिली. तिसरी गोष्ट याहून गमतीची. विमान दिल्यानंतर दोन वर्षांत मोठ्या देखभालीची व्यवस्था उभी करून देण्याचं वचन निविदेत सक्तीचं होतं. नॉर्थरॉपने ते दिलं नाही. हवाई दलाने ही कागदपत्रातली किरकोळ चूक मानली. जीएओचं म्हणणं, वचन द्यायला स्पष्ट नकार आहे, याला किरकोळ चूक कशी म्हणायची? हवाई दलाच्या सर्व प्रकारच्या विमानांना सध्याच्या पद्धतीने इंधन देणं नॉर्थरॉपच्या टँकरला जमेल, याचाही पुरेसा पुरावा फाइलीत नव्हता.

आणि शेवटी पैसा. विमानाच्या आयुष्यभराचा संभाव्य खर्च हवाई दलाने काढला होता. बोइंग १०८.०४४ अब्ज डॉलर्स, नॉर्थरॉप १०८.०१० अब्ज डॉलर्स. म्हणजे एक लाखाच्या खरेदीत जेमतेम एकतीस-बत्तीस रुपयांचा फरक! मोठ्या विमानाला मोठे हँगर, भक्कम धावपट्ट्या लागणार. त्या बांधकामाच्या हिशेबातच चुका होत्या. सुनावणी चालू असताना हवाई दलाने काही चुका कबूल केल्या, आणि त्या दुरुस्त करताच स्वस्त ठरलं बोइंग.

कोणतं विमान चांगलं, यावर मात्र जीएओने चकार शब्द काढला नाही. ते आमचं काम नाही, असं स्पष्ट लिहिलं. स्वतः छापलेल्या नियमांप्रमाणे तुम्ही निवड केलीत का, एवढाच प्रश्न त्यांनी तपासला. भारतात निविदांच्या वादावर सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये टाटा सेल्युलर खटल्यात जे तत्त्व घालून दिलं, ते याच जातकुळीतलं आहे. निर्णय शहाणपणाचा होता का, हे न्यायालय बघणार नाही. तो घेण्याची रीत न्याय्य होती का, ते बघणार. राफेल विमानांच्या खरेदीविरुद्धच्या याचिका १४ डिसेंबर २०१८ ला फेटाळताना सर्वोच्च न्यायालयाने हीच मर्यादा सांगितली होती. अर्थात त्या याचिका हरलेल्या स्पर्धकाच्या नव्हत्या, नागरिकांच्या होत्या.

जीएओचा निकाल सरकारवर बंधनकारक नसतो, तो शिफारस असते. पण ती डावलायची हिंमत सहसा कोणी करत नाही. संरक्षणमंत्री रॉबर्ट गेट्स यांनी आधी फेरस्पर्धा जाहीर केली आणि सप्टेंबर २००८ मध्ये सगळंच गुंडाळून पुढच्या सरकारवर सोपवलं. भाड्याचा पहिला सौदा निघाल्याला तोवर सहा-सात वर्षं उलटली होती. विमानं तीच, १९५७ ते १९६५ मधली.

सीडींची अदलाबदल

तिसऱ्या खेपेला हवाई दलाने ठरवलं, आता मतांना जागाच ठेवायची नाही. फेब्रुवारी २०१० च्या निविदेत ३७२ सक्तीच्या अटी होत्या. प्रत्येकीवर हो किंवा नाही. ज्याचं सगळ्यांवर हो, त्यांच्यात ज्याचा दर कमी तो जिंकला. आपल्या जिल्हा परिषदेच्या ठेकेदारालाही समजेल असा कारभार! दोन विमानांच्या किमतीत एक टक्क्याहून कमी फरक निघाला, तरच बाकीचे गुण बघायचे होते. हे बघताच नॉर्थरॉपने अंग काढून घेतलं. मोठ्या विमानाला या हिशेबात वावच नव्हता. मग ईएडीएस एकटीच उतरली.

एवढी काळजी घेऊनही नोव्हेंबर २०१० मध्ये हवाई दलाने काय करावं? दोन्ही कंपन्यांना त्यांची त्यांची माहिती पाठवायची होती. बोइंगची सीडी ईएडीएसला गेली आणि ईएडीएसची बोइंगला! कोट्यवधी डॉलर्सची गुपितं, आणि पाकिटात सीडी घालताना अदलाबदल. दोन अधिकाऱ्यांना त्या कामावरून दूर करण्यात आलं.

२४ फेब्रुवारी २०११ ला बोइंग जिंकली. तिची बोली २०.६ अब्ज डॉलर्स, ईएडीएसची २२.६ अब्ज. आता हरकत घेण्याचा हक्क ईएडीएसला होता. सगळ्यांचे कान तिकडे लागले. आठवड्याभरात कंपनीने जाहीर केलं की, आम्ही तक्रार करणार नाही. किमतीत एवढी तफावत असताना भांडायला मुद्दाच उरला नव्हता. हरकत न घेता हार मानली गेली, हे २००८ च्या त्या निकालाचं मोठं फळ म्हणावं लागेल. नियम साधे आणि छापील असले की हरणाऱ्यालाही आपण का हरलो ते दिसतं.

पण पुढची गंमत ऐका. बोइंगसाठी ज्या विचिटाच्या खासदारांनी रान उठवलं होतं, तो विचिटाचा कारखानाच बंद करायचं बोइंगने जानेवारी २०१२ मध्ये जाहीर केलं. जिंकायची म्हणून लावलेली बोली तिच्याच गळ्याशी आली. विमान विकसित करताना होणाऱ्या जादा खर्चाला सरकारने वरची मर्यादा घातली होती, त्यापुढचं सगळं कंपनीच्या खिशातून. केसी-४६ या विमानापायी बोइंगने सात अब्ज डॉलर्सहून अधिक तोटा सोसला आहे. पहिली अठरा विमानं २०१७ मध्ये मिळायची होती. पहिलंवहिलं विमान हवाई दलाच्या हाती आलं जानेवारी २०१९ मध्ये. त्यानंतर थोड्याच दिवसांत विमानांच्या पोटात कामगारांनी विसरलेली हत्यारं आणि कचरा सापडला, म्हणून विमानं ताब्यात घेणंच काही काळ थांबवावं लागलं. नव्या टँकरमध्ये नळी चालवणारा माणूस पालथा पडत नाही, पुढे खुर्चीत बसून कॅमेऱ्याच्या पडद्यावर बघतो. त्या पडद्यावर उन्हाच्या आणि सावलीच्या काही स्थितींत नीट दिसेना, हे दुखणं तर वर्षानुवर्षं चाललं.

मोबाईल गावाला मात्र एअरबसने अगदीच वाऱ्यावर सोडलं नाही. टँकर गेला, पण २०१५ मध्ये तिथे प्रवासी विमानं जोडण्याचा कारखाना सुरू झाला.

आपल्याकडची हरकत

भारतात काय होतं? लष्करासाठी १३३ आणि हवाई दलासाठी ६४ अशी १९७ हलकी हेलिकॉप्टर्स घ्यायची निविदा २००३ मध्ये निघाली होती. सियाचीनसारख्या ठिकाणी जवानांना रसद पोहोचवायची आणि जखमींना खाली आणायचं, हे त्यांचं काम. अमेरिकेची बेल आणि युरोपची युरोकॉप्टर यांच्यात स्पर्धा झाली. २००७ मध्ये युरोकॉप्टरची निवड होऊन सही तेवढी बाकी होती. बेलने हरकत घेतली. चाचणीला आलेलं हेलिकॉप्टर लष्करी बनावटीचं नव्हतंच, असा मुख्य आक्षेप होता. डिसेंबर २००७ मध्ये सरकारने सगळा व्यवहारच रद्द केला.

आपल्याकडे अशा हरकतीसाठी जीएओसारखी संस्था नाही आणि शंभर दिवसांचं घड्याळही नाही. मंत्रालयाकडे अर्ज, दक्षता आयोग, नेमलेले बाहेरचे निरीक्षक आणि उच्च न्यायालय असे रस्ते आहेत. कोणत्या आक्षेपात तथ्य होतं आणि कोणत्यात नव्हतं, हे मुद्द्यागणिक लिहिलेला निकाल लोकांसमोर येईलच असं नसतं. हेलिकॉप्टर्सची फेरनिविदा २००८ मध्ये निघाली आणि तीही ऑगस्ट २०१४ मध्ये रद्द झाली. मग २०१५ मध्ये रशियाबरोबर कामोव्ह हेलिकॉप्टर्सचं ठरलं, ते अडकलं. दरम्यान जवान उडवत होते चीता आणि चेतक, १९५० च्या दशकातल्या फ्रेंच आराखड्यांवरून आलेल्या जाती. २०१५ मध्ये लष्करी अधिकाऱ्यांच्या पत्नी संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांच्याकडे गेल्या आणि ही हेलिकॉप्टर्स थांबवा, असं निवेदन त्यांनी दिलं. सकाळी ड्यूटीवर गेलेला नवरा संध्याकाळी घरी येईल की नाही, हा त्यांचा प्रश्न होता. पस्तीस अब्ज असोत की साठ कोटी डॉलर्स, त्यांना निविदेच्या कलमांशी काही देणंघेणं नव्हतं.

टँकरचीही तीच गत. भारतीय हवाई दलाकडे २००३ पासून आलेले सहा रशियन इल्युशिन-७८ टँकर आहेत, मुक्काम आग्र्याला. त्यांतले उडण्याजोगे निम्म्याच्या आसपासच असतात, असं कॅगने २०१७ च्या अहवालात म्हटलं होतं. आणखी सहा टँकरसाठी हवाई दलाने एअरबसचं ए-३३० निवडलं. अर्थ खात्याने किमतीवर बोट ठेवलं आणि २०१० मध्ये ते बारगळलं. दुसऱ्यांदा निविदा निघाली, २०१३ मध्ये पुन्हा तेच विमान पहिलं आलं आणि २०१६ मध्ये तीही रद्द झाली. ज्या विमानावरून अमेरिकेत एवढं रामायण घडलं, ते ऑस्ट्रेलिया, ब्रिटन, फ्रान्स, सिंगापूर, सौदी अरेबिया असे देश केव्हापासून वापरत आहेत.

मार्च २०२५ मध्ये भारताच्या संरक्षण मंत्रालयाने एका खाजगी अमेरिकी कंपनीबरोबर करार केला. हवेत इंधन घेण्याचा सराव आपल्या हवाई दलाच्या आणि नौदलाच्या वैमानिकांना मिळावा म्हणून एक टँकर विमान भाड्याने घ्यायचं ठरलं. विमानाची जात? केसी-१३५. तेच, १९५६ मध्ये पहिल्यांदा उडालेलं.